पूतनेला निर्दोष ठरवण्याची अट घालू नका

चित्रप्रदर्शनांच्या निवड समित्यांवर काम करणाऱ्या सर्व मान्यवरांस,

सप्रेम नमस्कार.

मी मिश्र माध्यमात काम करते, म्हणजे रंगांबरोबर कापड, काच, कागद अशा वस्तूही चित्रात वापरते. गेली काही वर्षं माझा विषय एकच आहे, तो म्हणजे आपल्या आणि परक्या कथांमधल्या खलनायिका : पूतना, शूर्पणखा, कैकेयी, मंथरा, ग्रीक कथांतली सापांच्या केसांची मेड्युसा, शेक्सपिअरच्या नाटकातली लेडी मॅकबेथ. या कामांच्या निमित्ताने आपल्यासारख्या समित्यांशी माझा वारंवार संबंध आला. कधी काम घेतलं गेलं, कधी परत आलं. परत आलं याबद्दल तक्रार नाही, निवडीचा अधिकार तुमचाच आहे. पण परत पाठवताना जी कारणं दिली जातात त्यांतलं एक कारण पुन्हा पुन्हा येतं. याच विषयावर काम करणाऱ्या इतर चित्रकर्तींनाही ते ऐकावं लागतं. म्हणून हे पत्र कुणा एका समितीला न लिहिता उघडपणे लिहिते आहे.

ते कारण असं की, ‘या स्त्रीबद्दल प्रेक्षकाला सहानुभूती वाटत नाही.’ एका परीक्षकांनी तर मला स्पष्टच सुचवलं की पूतनेच्या डोळ्यांत थोडं दुःख आणा, तिच्यावर अन्याय झाला होता असं कुठेतरी दिसू द्या, म्हणजे विषय उभा राहील. खलनायिका नव्याने रंगवायची तर शेवटी ती निर्दोष निघाली पाहिजे, असं आता जवळपास गृहीतच धरलं जातं. पूर्वी गृहीत धरलेलं वेगळं होतं : ती कुरूप दिसलीच पाहिजे. मला या दोन अटींत फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत बघणाऱ्याची सोय बघितली जाते. ती कुरूप असली की तिरस्कार करून मोकळं होता येतं, आणि निर्दोष असली की हळहळून मोकळं होता येतं.

पूतनेचंच घ्या. ‘पूतनामावशीचं प्रेम’ म्हणून आपण तिला बोलण्यात कायमची बसवून टाकली आहे. पण भागवताच्या दशम स्कंधातला सहावा अध्याय मुळातून वाचून पाहा. कंसाने पाठवलेली ही बाई शहरांत, गावांत, गोकुळांत तान्ही मुलं मारत हिंडते आहे. भागवतकार तिला ‘बालघातिनी’ म्हणतात आणि तो शब्द कुठेही मागे घेत नाहीत. ती सुंदर रूप घेऊन नंदाच्या घरी येते. केसांत मोगऱ्यासारखी मल्लिकेची फुलं, हातात कमळ. गोपींना वाटतं, साक्षात लक्ष्मीच आपल्या पतीला भेटायला आली. विष लावलेला स्तन ती बाळाच्या तोंडात देते, आणि बाळ दुधाबरोबर तिचे प्राणही ओढून घेतं. पडताना तिचा देह मूळ रूपात येतो आणि तीन गव्यूतींच्या, म्हणजे काही कोसांच्या, टापूतली झाडं चुरडून टाकतो. व्रजातली माणसं कुऱ्हाडींनी त्या देहाचे तुकडे करतात, लांब नेऊन जाळतात. आणि त्या धुराला अगरूचा सुगंध येतो. बाळाला दूध पाजलं म्हणून तिला आईला मिळावी ती गती मिळते.

हे लिहिणाऱ्याने तिला वकील दिला नाही. तिच्या बालपणी काय झालं, कंसाने तिला कसं धमकावलं, यातलं काहीही सांगितलं नाही. ती मुलं मारायची, आणि तिच्या चितेचा धूर सुगंधी होता. ही दोन वाक्यं एकाच अध्यायात ठेवायला त्याला संकोच वाटला नाही. मी माझ्या फलकावर तेवढंच करू पाहते.

आणखी एक गोष्ट कथेबाहेरची. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लहान मुलांना पीडा देणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत. त्यांत पूतना आहे, शिवाय अंधपूतना आणि शीतपूतनाही आहेत. म्हणजे जे नाव कथेतल्या राक्षसीचं, तेच तान्ह्या मुलांच्या दुखण्याचंही. बाळ का दगावलं हे कुणालाच सांगता येत नव्हतं तेव्हा त्या भीतीला एका बाईचा चेहरा दिला गेला, असं मला हे वाचताना वाटत राहतं. पूतनेवर काम करायचं तर ही भीती फलकावर यायलाच हवी. डोळ्यांत दुःख घातलं की ती निघून जाते.

आता हे काम प्रत्यक्ष कसं होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण फोटोत यातलं फार थोडं उतरतं. पाठीला प्लायवुड. त्यावर जुन्या सुती लुगड्याचं कापड खळीने चिकटवलेलं. खळ गव्हाच्या पिठाची, आणि बुकबाइंडर घालतात तसा तिच्यात मोरचूद घातलेला, म्हणजे कसर लागत नाही. वरचा अर्धा भाग काजळीचा आहे. त्यासाठी फलक तोंड खाली करून टांगायचा आणि खालून ज्योत फिरवत न्यायची. ज्योत किती जवळ धरली त्यावर काळेपणा ठरतो. जरा जास्त जवळ गेली की कापड आधी पिवळं पडतं आणि मग पेटतं. काजळीला ब्रश लागला तर ती पुसली जाते, म्हणून लांबूनच फिक्सेटिव्हचे, म्हणजे काजळी जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या द्रवाचे, हलके फवारे मारायचे, एक वाळला की दुसरा. छातीच्या जागी जुन्या एक्स-रे फिल्म आहेत, नावाची पट्टी कापून टाकलेल्या. फिल्मचा रंग मुळातच निळसर असतो. मागे दिवा लागला की त्यांतल्या बरगड्या दिसू लागतात, आणि त्या लहान मुलांच्या आहेत. केसांत मल्लिकेच्या जागी दुधाच्या बाटलीची रबरी निपलं गजऱ्यासारखी ओवली आहेत. लांबून बघणाऱ्याला फुलं माळलेली बाई दिसते, आणि जवळ आलं की तिच्या छातीत कुणाकुणाची मुलं आहेत ते कळतं. डोळे मी केलेले नाहीत, तिथे काजळीच जास्त दाट आहे.

हेच चित्र तैलरंगात केलं असतं तर मला तिच्या चेहऱ्यावर एक भाव ठरवावा लागला असता. क्रौर्य किंवा वात्सल्य, किंवा दोन्हींच्या मधलं काहीतरी. मिश्र माध्यमात तसं ठरवावं लागत नाही. एक्स-रे फिल्म चिकटवल्यावरही एक्स-रेच राहते. रबरी निपल निपलच राहतं. प्रत्येक वस्तू आपला पूर्वेतिहास घेऊन येते, आणि तो दुसऱ्या वस्तूत विरघळत नाही. १९१२ साली पिकासोने वेताच्या विणीचं चित्र छापलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि भोवती चौकटीसारखा खरा दोर लावला. तेव्हापासून हे सामर्थ्य चित्रकलेला माहीत आहे. एकमेकांशी न पटणाऱ्या दोन साक्षी एकाच पृष्ठभागावर ठेवायला याहून योग्य माध्यम मला सापडलेलं नाही, आणि खलनायिकांसाठी मी ते निवडलं ते याच कारणाने.

मिश्र माध्यम बाहेरून आलं, असं समित्यांच्या बैठकांत अजूनही बोललं जातं, म्हणून हेही सांगते. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि देवादिकांच्या छापील तसबिरी घरोघर गेल्या. पुष्कळ घरांत त्या नुसत्या भिंतीवर टांगल्या गेल्या नाहीत. लक्ष्मीच्या, सरस्वतीच्या छापील चित्रावर जरीचं कापड, टिकल्या, मणी लावून ती सजवली गेली. अशा सजवलेल्या तसबिरी संग्रहांत आजही आहेत. ज्यांना बघायला मिळतील त्यांनी कडेने बघाव्यात. छापील पदर कुठे संपतो आणि खरी जर कुठे सुरू होते ते बोटाने चाचपडावंसं वाटतं. एवढं सगळं देवीच्या वाट्याला आलं. शूर्पणखेच्या चित्रावर टिकली लावावी असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या मनात आलं, आणि माझ्या कामाची सुरुवात तिथून झाली.

शूर्पणखेबद्दल थोडं लिहायलाच हवं. वाल्मीकींच्या अरण्यकांडातल्या सतराव्या सर्गात कवी रामाला आणि तिला समोरासमोर उभं करतो आणि विशेषणांच्या जोड्या लावत जातो. तो सुमुख, ती दुर्मुखी. त्याची कंबर बारीक, तिचं पोट मोठं. तो विशालाक्ष, ती विरूपाक्षी. त्याचे केस सुरेख, तिचे तांब्यासारखे. ही बाई आपणहून लग्नाची मागणी घालते. राम थट्टेने तिला लक्ष्मणाकडे पाठवतो, लक्ष्मण थट्टेनेच पुन्हा रामाकडे. संतापून ती सीतेला खायला धावते, आणि लक्ष्मण तिचे नाक-कान कापतो. आजच्या नव्या चित्रांत यातली थट्टा हमखास येते, सीतेवर धावून जाणं गाळलं जातं. जुन्या चित्रांत नेमकं उलटं. दोन्ही ठेवणारं चित्र मला बघायला मिळत नव्हतं, म्हणून मी आरसा घेतला.

आरशाच्या पाठीवर रंगाचा थर असतो आणि त्याच्या आत चांदीचा मुलामा. रंग थिनरने मऊ करून काढायचा आणि मग मुलामा बोथट पात्याने अलगद खरवडायचा. चेहऱ्याच्या उंचीवर साधारण नाकाएवढी जागा मी अशी मोकळी केली आणि मागे तांब्याच्या तारांची गुंतवळ बसवली. समोर उभं राहिलं की आपलाच चेहरा दिसतो, फक्त नाकाच्या जागी तिचे तांबडे केस. बघणारा थोडा हलतो, मान तिरकी करतो, आपलं नाक परत मिळवायचा प्रयत्न करतो. त्याच आरशाच्या खालच्या कडेला एक स्त्री घाबरून मागे सरकते आहे, तिच्या पदराला तारेचा आकडा अडकला आहे. ती सीता. ती दिसण्यासाठी वाकावं लागतं.

या कामाचा फोटो निघत नाही. समोरून काढावा तर आरशात कॅमेरा येतो, बाजूने काढावा तर समोरची रिकामी भिंत. पहिल्या फेरीची निवड मात्र फोटोंवरून होते. एका ठिकाणाहून शेरा आला, ‘आकृती अस्पष्ट, विषय कळत नाही.’ शेरा लिहिणाऱ्यांचा यात दोष नाही. त्यांच्यासमोर शूर्पणखा नव्हतीच, भिंत होती. दोष त्या पद्धतीचा आहे, जी चकाकणाऱ्या, पारदर्शक, मागून उजळणाऱ्या, उठाव असलेल्या कामालाही सपाट कागदावरच्या जलरंगाचाच नियम लावते. काच, आरसा, दिवा, सावली यांवर उभ्या असलेल्या कामांसाठी छोटी चित्रफीत स्वीकारायला काय हरकत आहे? आणि अंतिम निर्णय तरी काम समोर ठेवूनच व्हावा.

मूळ मुद्द्याकडे येते. ‘गुन्हा तसाच ठेवून तिला एवढी जागा दिली तर ते गुन्ह्याचं उदात्तीकरण होत नाही का?’ हा प्रश्न मला प्रामाणिक वाटतो आणि त्याला उत्तर दिलंच पाहिजे. माझं उत्तर वेरूळला आहे. तिथल्या कैलास लेण्यात रावण कैलास पर्वत हलवतो आहे. अनेक हातांचा, पाठ वळलेला, सगळं बळ खांद्यांत आणलेला. वर पार्वती भयाने शंकराला बिलगली आहे आणि शंकर शांत बसला आहे. आठव्या शतकातल्या त्या शिल्पकाराने रावणाचा उन्मत्तपणा लपवला नाही, आणि त्याचं बळही कमी करून दाखवलं नाही. ते शिल्प बघून ‘रावणाबद्दल सहानुभूती वाटत नाही’ अशी तक्रार कुणी करत नाही. दुर्योधनाला, कर्णाला, कंसाला मोठं करून रंगवताना ते निर्दोष होते असा दाखला कुणी मागत नाही. पुरुष खलनायकाला भव्यता मिळायला त्याची ताकद पुरते. बाईला मात्र आधी आपण बळी होतो हे सिद्ध करावं लागतं. हा भेद निवड करणाऱ्यांच्या हातून होतो आहे, बहुधा नकळत, आणि तो तुमच्या लक्षात आणून देण्यासाठीच हे पत्र आहे.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. मेड्युसाचं बघा. हेसिअड या ग्रीक कवीच्या जुन्या काव्यात समुद्रदेव पोसायडन तिच्याशी कुरणात, फुलांमध्ये संग करतो एवढंच आहे. सुमारे सातशे वर्षांनंतर रोमन कवी ओविडने सांगितलं की देवाने तिच्यावर मिनर्व्हा देवीच्या देवळात बळजबरी केली आणि शिक्षा म्हणून देवीने तिच्याच केसांचे साप केले. लुचानो गारबाती यांनी २००८ साली एक शिल्प केलं, ज्यात मूळ कथेत तिचंच शिर कापणाऱ्या पर्सियसचं मुंडकं हातात धरून मेड्युसा उभी आहे. २०२० मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत बसवलं गेलं आणि जगभर गाजलं. त्यामागची भावना मला समजते, पण ते शिल्प मला पटत नाही. तिच्या हातात तलवार दिली, आणि अंग मात्र संगमरवरी देवीसारखं नितळ, सडपातळ ठेवलं. जिच्याकडे बघितलं की माणूस दगड व्हायचा, तिच्याकडे आता निर्धास्त बघता येतं. तिचा सगळ्यात मोठा अधिकारच काढून घेतला.

त्यापेक्षा मला किकी स्मिथ यांची १९९४ सालची लिलिथ जवळची वाटते. मध्ययुगीन ज्यू कथांमध्ये लिलिथ ही आदमची पहिली बायको, त्याच्या आज्ञेत राहायला नकार देऊन निघून गेलेली, आणि पुढे नवजात मुलांची वैरीण ठरलेली. पूतनेची लांबची बहीणच म्हणा. स्मिथ यांनी तिला कांस्यात घडवली आणि चबुतऱ्यावर न ठेवता भिंतीवर उलटी, दबा धरून बसल्यासारखी लावली. अंग काळपट धातूचं, डोळे निळ्या काचेचे. खालून जाणाऱ्याकडे ती मान वळवून बघते. ती चांगली का वाईट हे विचारायचं सुचतच नाही, आधी आपण दोन पावलं मागे सरतो.

आणि लेडी मॅकबेथ. एलेन टेरी या अभिनेत्रीने १८८८ साली ही भूमिका केली तेव्हा तिच्या हिरव्या पोशाखावर खऱ्या भुंग्यांचे चकचकीत पंख शिवले होते. पुढच्याच वर्षी जॉन सिंगर सार्जंटने तिला त्याच पोशाखात रंगवलं, स्वतःच्या हातांनी डोक्यावर मुकुट ठेवताना. असा प्रसंग नाटकात नाही. चित्रकाराने तो तिला दिला, आणि तो देताना तिच्या हातांवरचं राजाच्या खुनाचं रक्त विसरायला सांगितलं नाही.

इतिहासातल्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र मी हा नियम लावत नाही, हे स्पष्ट केलेलं बरं. आनंदीबाई पेशव्यांवर माझं एक काम आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी त्याचा दोष रघुनाथरावांवर ठेवला. लोकांच्या तोंडी मात्र राहिली ती आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका. पूतना कथेत जगते, तिचा गुन्हा कथेनेच सांगितलेला आहे. आनंदीबाई हाडामांसाची बाई होती, तिथे पुरावा मागितलाच पाहिजे. म्हणून त्या कामात बाईचा चेहरा नाही. हातकागदाचे थर आहेत, त्यांवर मोडी वळणाच्या ओळी आहेत, आणि एकाच जागी कागद इतका खरवडलेला आहे की खालचा थर वर आला आहे. कुणी खरवडला ते कळत नाही. खऱ्या स्त्रीला कथेतल्या राक्षसीसारखं वागवणाऱ्या चित्रांना तुम्ही जाब विचारा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

टिकाऊपणाबद्दल तुम्ही प्रश्न विचारता तेही रास्त आहे. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून तुकडे होतो, स्वस्त डिंकाचे डाग वर येतात, काजळी पुसली जाते. चित्रकर्तीने याची उत्तरं द्यायलाच हवीत. म्हणून पहिली विनंती अशी, की अर्जात सामग्रीचा तपशील सविस्तर मागा : कोणता चिकटपदार्थ, कोणता थर, वर काच आहे की नाही. आज त्या जागी एका ओळीत ‘मिश्र माध्यम’ एवढंच लिहायला जागा असते. आणि तरीही काम रंगचित्र आहे की शिल्प, यापैकी एकावर खूण करावीच लागते. बरगड्यांमागे दिवा असलेली पूतना कुठल्या रकान्यात घालायची हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरी विनंती अशी, की ही कामं मार्च महिन्यातल्या महिला विशेष प्रदर्शनापुरती बाजूला ठेवू नका. तिथे ‘स्त्रीशक्ती’च्या मोठ्या फलकाखाली शूर्पणखा, जिजाबाई आणि एखादी गिर्यारोहक शेजारी शेजारी लागतात आणि तिघींवरही अन्याय होतो. सर्वसाधारण प्रदर्शनात, निसर्गचित्रांच्या आणि अमूर्त चित्रांच्या रांगेत त्यांना जागा द्या.

तिसरी विनंती चित्राखालच्या मजकुराबद्दल. एका प्रदर्शनात माझ्या मंथरेखाली आयोजकांनी परस्पर पाटी लावली की ती ‘समाजाने नाकारलेल्या दिव्यांग स्त्रीची व्यथा’ आहे. माझ्या चित्रातली मंथरा हुशार आहे, राजकारण जाणते, कैकेयीच्या मुलासाठी एक राज्य उलथवते आणि तसं करताना तिला आनंद होतो. त्या पाटीने तिची बुद्धी काढून घेतली आणि तिची पाठ तेवढी ठेवली. मजकूर चित्रकर्तीकडून घ्या, निदान लावण्याआधी तिला दाखवा.

पुढच्या वर्षीच्या नियमावल्या ठरवताना समितीवर मिश्र माध्यमात प्रत्यक्ष काम करणारी एक तरी व्यक्ती असावी, असं मनापासून वाटतं. सामग्रीच्या तपशिलाचा नमुना अर्ज तयार करायचा असेल, काच-आरशाच्या कामांची चित्रफीत कशी घ्यावी हे ठरवायचं असेल, तर मी आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणी वेळ द्यायला तयार आहोत. बोलवा, आम्ही येऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मिश्र माध्यमात काम करणारी एक चित्रकर्ती